सात सीटर म्हणजे खरंच सात? गाडीतल्या जागेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी दोन महिने आणि मग परत मे महिन्याच्या तोंडावर मला फोन सुरू होतात, कुठली गाडी घेऊ, घरातली सगळी बसतील ना. मी काय गाड्या विकत नाही. कुडाळला राहतो, आधी बरीच वर्षं टुरिस्ट गाडी चालवायचो, स्टेशनवरून माणसं उचलायची आणि मालवण, वेंगुर्ला, आंबोली, गोवा फिरवून परत आणून सोडायची. त्यामुळे कुठल्या गाडीत मागची माणसं किती वेळाने कुरकुरायला लागतात हे आरशात बघून बघून पाठ झालंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मायलेज, इंजिन, रिसेल यातलं इथे काही नाही, फक्त बसायचं कसं आणि मावायचं कसं.

सात सीटर गाडीत खरंच सात माणसं बसतात का?

बसतात. किती वेळ, हा प्रश्न आहे. कुडाळ ते मालवण सात मोठी माणसं कुठल्याही सात सीटरमध्ये हसत खेळत जातील. मुंबईहून कुडाळपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या वर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तिसऱ्या रांगेतला माणूस पेणपर्यंत गप्पा मारतो, महाडला गप्प होतो आणि चिपळूणला चहाला उतरला की परत मागे चढायला कोण तयार नसतं.

त्यात सात सीटर सात सीटर म्हणून सगळ्या एका माळेत ओवू नका. ट्रायबर चार मीटरच्या आत बसवलेली गाडी आहे, तिच्यात तिसरी रांग लावली की मागे ८४ लीटर डिकी उरते, म्हणजे एक बॅग आणि वर चपला. एर्टिगा जवळजवळ ४.४ मीटर लांब, तिसरी रांग उभी असताना २०९ लीटर. कॅरेन्स त्याहून लांब, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७८० मिलीमीटर, डिकी २१६. इनोव्हात गेलात की सात माणसं बसूनही ३०० लीटर मिळते. आता सात माणसं म्हणजे निदान पाच बॅगा, एक पाण्याचा कॅन आणि कोणाची तरी एक पिशवी जी कुठेच ठेवायची नसते. मग ती पायाशी येते आणि पायांची जागा गेली. म्हणून माझा हिशेब असा की छोटी सात सीटर म्हणजे पाच माणसं आणि दोन पोरं, एर्टिगा किंवा कॅरेन्स म्हणजे सहा माणसं आणि सामान, आणि खरी सात मोठी माणसं सामानासकट दहा तास न्यायची असतील तर इनोव्हाच्या मापाची गाडी लागते. पटत नसेल तर भाड्याने घेऊन एकदा चिपळूणपर्यंत जाऊन या.

शोरूममध्ये जागा नेमकी कशी तपासायची?

बहुतेक जण काय करतात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, स्टिअरिंग धरतात, स्क्रीनला बोट लावतात आणि खुश होऊन खाली उतरतात. अहो, ती सीट पुढेमागे सरकते, तिथे कोणालाही जागा मिळणारच. तुम्ही मागे बसून बघायचं.

आधी ड्रायव्हरची सीट तुम्ही रोज चालवाल तशी लावा. मग उतरा आणि बरोबर तिच्याच मागे जाऊन बसा. गुडघा आणि पुढच्या सीटच्या मध्ये निदान चार बोटं जावी, आणि पावलं पुढच्या सीटखाली सरकली पाहिजेत. हे दुसरं कोणी बघतच नाही. सेल्समन हुशार असतो, तुम्ही मागे बसायच्या आधी पुढची सीट हळूच पुढे ढकलून ठेवतो, मी हे समोर होताना बघितलंय. ती सीट परत मागे घ्यायला सांगायची, लाजायचं नाही, पैसे आपले आहेत.

मग मांड्या. सीटवर टेकून बसल्यावर मांडीखाली हात सरकवून बघा. गुडघ्यापासून अर्धी मांडी हवेत असेल तर ती सीट आखूड आहे किंवा गाडीची जमीन उंच आहे, दोन्हीत त्रास एकच, सगळं वजन कमरेखाली येतं आणि तासाभरात माणूस सरकायला लागतो. डोकं छताला लागतंय का ते सरळ बसून बघा, पाय पसरून लोळून नाही. शेवटी दार बंद करा. उघड्या दाराने प्रत्येक गाडी मोठी वाटते.

आणि एक, घरातलं सगळ्यात उंच माणूस आणि सगळ्यात म्हातारं माणूस, दोघांना घेऊन जा. शोरूमवाल्यांचा चहा काय एकट्याने प्यायचा असतो का.

आजीचे गुडघे दुखतात, चढायला उतरायला कुठली गाडी बरी?

ह्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो कारण आमच्या घरातच हा विषय झालाय. आमची आजी नव्वदीच्या जवळ, दोन्ही गुडघे गेलेले, पण लग्नकार्य, जत्रा काही सोडायची नाही, आंगणेवाडीला तर जायलाच पाहिजे. आम्ही गाडी बघत होतो तेव्हा पहिल्यांदा तिला एका उंच एसयूव्हीजवळ नेलं. तिने दाराकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्येच्यात चढूक माका शिडी व्हयी." बरं म्हटलं, बाजूला एक सेडान होती, म्हणजे मागे डिकीची शेपटी असलेली बुटकी गाडी, तिच्यात बसवलं. बसली आरामात, पाय लांब केले, डोळे मिटले. उतरायची वेळ आली तेव्हा दोघांनी बगलेत हात घालून ओढावी लागली. बाहेर आल्यावर म्हणते, "ही गाडी न्हय रे, ही बाव. उतराक जमता, वर येवक जमणा नाय." बाव म्हणजे विहीर.

तिने जे सांगितलं तेच सगळं आहे. सीट कमरेच्या उंचीला पाहिजे. म्हातारं माणूस दाराशी पाठ करून उभं राहिलं की सीटची कड त्याच्या बुडाला लागली पाहिजे, मग ते आधी टेकतं आणि नंतर पाय आत घेतं, खुर्चीत बसल्यासारखं. सेडानमध्ये खाली पडावं लागतं, बोलेरो स्कॉर्पिओसारख्या गाडीत वर चढावं लागतं. मधली उंची मिळते ती वॅगन आरसारख्या उभट गाड्यांत, एर्टिगासारख्या एमपीव्हीत, म्हणजे लांबट फॅमिली गाडीत, आणि ब्रेझा, नेक्सॉनसारख्या छोट्या एसयूव्हीत. ह्यात पण माणसाची स्वतःची उंची बघायला लागते, पाच फुटाच्या बाईला ब्रेझाची सीट बरी लागेल तर साडेचार फुटाच्या आजीला वॅगन आरचीच बरी.

दार किती उघडतं ते पण बघा, काटकोनाच्या जवळ गेलं पाहिजे. दाराच्या वर धरायला दांडी आहे का ते बघा. आणि दाराखालचा उंबरठा. काही गाड्यांत तो रुंद आणि उंच असतो, पाय त्यावरून उचलून बाहेर काढायला लागतो, गुडघे दुखणाऱ्याला तिथेच कळ येते. लुगड्यात तर अजून पंचाईत.

आजीला पुढे बसवायचं की मागे? आमच्यात पुढे. सीट मागे सरकवता येते, पाठ हवी तशी करता येते. फक्त पट्टा लावायला ती तयार नसते, त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही, रोजचं भांडण आहे.

हॅचबॅक, सेडान आणि छोटी एसयूव्ही, मागच्या सीटवर खरा फरक किती?

लोकांना वाटतं तितका नाही. ह्याचं कारण एक कर आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना एक्साइज कमी केली आणि तेव्हापासून कंपन्या सगळं काही चार मीटरच्या आत कोंबायला लागल्या. आता जीएसटीत पण तेच आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. त्यामुळे बलेनो ३९९० मिलीमीटर, डिझायर ३९९५, ब्रेझा ३९९५, नेक्सॉन पण तेवढ्यातच. बाहेरून एक चपटी दिसते, एक शेपटीवाली, एक उंच. आत सगळ्यांना जमीन तेवढीच वाटून दिलीय.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, माणसं बसतात ती साधारण त्या मधल्या पट्ट्यात. बलेनोचा व्हीलबेस २५२० मिलीमीटर, ब्रेझाचा २५००, नेक्सॉनचा २४९८. बलेनो हॅचबॅक, म्हणजे शेपटी नसलेली छोटी गाडी, तरी तिचाच जास्त आहे बघा. म्हणजे एसयूव्हीचे पैसे भरून पायांना जास्त जागा मिळेलच असं नाही, मिळते ती उंची. उंच बसलं की पाय खाली सोडता येतात, बाहेरचं दिसतं, म्हणून मोकळं वाटतं. ते वाटणं खोटं नाही, पण टेप लावली तर आकडे वेगळंच सांगतात.

डिझायर, अमेझसारख्या छोट्या सेडानचा फायदा डिकीचा, मागे बसणाऱ्याला विशेष काही नाही, उलट मागची काच उतरती असल्याने उंच माणसाचं डोकं घासतं. खरा आराम पाहिजे तर चार मीटरच्या बाहेर पडायला लागतं. होंडा सिटीसारख्या सेडानमध्ये मागे पाय पसरून बसता येतं, डिकी ५०६ लीटर, लांबच्या प्रवासाला दोन तीन माणसांसाठी माझ्या मते तिच्यासारखी बैठक नाही. पण आमच्या वाडीत उतरायच्या घाटीवर तिचं पोट घासलं की जीव कळवळतो, तेव्हा ज्याच्या अंगणापर्यंत डांबर आलंय त्यानेच तिच्या नादाला लागावं.

वॅगन आर बाहेरून एवढीशी, मग आत मोठी कशी वाटते?

उभी आहे म्हणून. वॅगन आरची लांबी ३६५५ मिलीमीटर, नव्या स्विफ्टची ३८६०, म्हणजे स्विफ्ट वीस सेंटीमीटरने लांब. पण उंचीत वॅगन आर १६७५ आणि स्विफ्ट १५२०. ह्या पंधरा सेंटीमीटरमध्ये सगळी जादू आहे. छत उंच असलं की सीट उंच लावता येते, सीट उंच असली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, आणि ताठ बसलेल्या माणसाला पुढे पाय सोडायला कमी जागा पुरते. स्विफ्टमध्ये माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसतो, त्याला पाय पुढे लागतात.

डिकीचं पण तसंच, वॅगन आर ३४१ लीटर, स्विफ्ट २६५. दिसायला स्विफ्ट छान आहे हो, कोण नाही म्हणतंय.

मागे तीन माणसं बसवायची आहेत, मधल्याचं काय?

मध्यम बांध्याच्या पुरुषाचे खांदे साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर धरा. तिघांचे झाले एकशे पस्तीस. छोट्या गाडीत दारापासून दारापर्यंत साधारण तेवढीच रुंदी मिळते, म्हणजे तिघं बसले की एकाला खांदा पुढे काढून तिरकं बसावं लागतं, आणि तो नेहमी घरातला धाकटा नाहीतर जावई नसलेला कोणीतरी असतो.

रुंदीशिवाय मधल्याला अजून तीन शत्रू. मध्ये जमिनीला असलेला उंचवटा, पुढच्या दोन सीटच्या मध्ये मागे आलेला एसीचा डबा, आणि सीटचा मधला भाग जो बहुतेक गाड्यांत फुगीर आणि कडक असतो कारण आत आर्मरेस्ट दुमडून ठेवलेला असतो. पाठीला तो पाटा लागतो. एक गाडी माझ्याकडे काही महिने होती, नाव नको, तिच्यात मधला माणूस आंबोलीला उतरल्यावर पाठ चोळतच धबधबा बघायचा.

मधल्याला डोक्यामागे टेकण आहे का आणि पट्टा तीन पॉइंटचा आहे का ते बघाच. जुन्या गाड्यांत मध्ये नुसता पोटावरचा पट्टा असायचा, तो सेकंड हँड घेताना मागची सीट उपसून शोधायला लागतो, बहुधा सीटखाली गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर चार वर्षांपूर्वीचे शेंगदाणे.

तिसऱ्या रांगेत कोणाला बसवायचं? आमच्या पोरांना घाटात उलटी होते.

मग पोरांना तिथे अजिबात नको. सगळे हेच करतात, पोरं लहान म्हणून मागे कोंबतात आणि करूळ घाटात गाडी थांबवून प्लॅस्टिकच्या पिशव्या शोधतात.

कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ, जी जागची हलत नाही, नाहीतर मोबाईल. दोघांचं पटत नाही आणि पोटात ढवळतं. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर असते, तिथे खिडकी लहान, बाहेरचं दिसत नाही, आणि खड्ड्यात मागची चाकं उडाली की आधी तीच सीट उडते. मधल्या रांगेत दोन्ही चाकांच्या मध्ये माणूस असतो, झोका कमी बसतो.

तर मागे बसवायचं कोणाला? ज्याला घाट लागत नाही, जो बसल्या बसल्या झोपतो आणि ज्याची उंची साडेपाच फुटाच्या आत आहे. आमच्याकडे असा एक काका आहे, तो घरातला हक्काचा तिसऱ्या रांगेचा माणूस. मधली रांग पुढे सरकत असेल, एर्टिगात सरकते, तर चार बोटं पुढे घेऊन काकाच्या गुडघ्यांना जागा द्या. आणि मागच्यांना उतरायचा मार्ग बघून ठेवा. काही गाड्यांत बटण दाबलं की मधली सीट पुढे कलंडते, काहींत आधी दोघांनी उतरायचं, सीट उचलायची, मग काका बाहेर. दर चहाला हे नाटक होतं.

बोलेरोच्या मागच्या समोरासमोरच्या सीटवर बसणं बरं की वाईट?

ज्यांनी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं भरणारी जीप बघितलीय त्यांना हे विचारायला लागणार नाही. त्यातली टाटाची सुमो १९९४ ला आली, पुढे पंचवीस वर्षं चालली, मागे आडव्या बाकड्यावर किती माणसं बसायची ते मोजायचं नाही असाच नियम होता, कंडक्टर मागे लटकायचा तो वेगळा. गुडघ्याला गुडघा लागून बसायचं, त्यामुळे सावंतवाडी ते आंबोली जाईपर्यंत समोरच्याच्या मुलीच्या लग्नाचं सगळं कळायचं.

गप्पांना ती बैठक झकास, अंगाला वाईट. गाडी पुढे जाते आणि आपण बाजूला तोंड करून, म्हणजे ब्रेक मारला की माणूस शेजारच्याच्या अंगावर. टेकायला पाठ आहे पण ज्या बाजूला धक्का बसतो त्या बाजूला काहीच नाही. उलटी पण ह्याच सीटवर जास्त होते. वाडीतून बाजारात, शेतावर गडी न्यायला ठीक, लांब जायचं तर तिथे सामान ठेवा. पुढच्या दोन रांगा मात्र बोलेरोच्या सोप्या आहेत, सीट सपाट, काच मोठी, छत उंच, मुंडासं बांधलेला माणूस पण डोकं न वाकवता बसेल.

उंच एसयूव्ही म्हणजे आराम जास्त असतो ना?

उंच आणि आरामशीर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा ह्यांच्या खाली लोखंडी शिडीसारखा सांगाडा असतो आणि त्याच्यावर गाडीचं अंग बसवलेलं. सांगाडा दणकट, पण त्याच्यामुळे आतली जमीन वर येते. जमीन वर आली, छत मात्र किती वाढवणार, मग सीट आणि जमीन ह्यांच्यातलं अंतर कमी होतं आणि गुडघे वर येतात. इनोव्हा लांब रुंद असल्याने ते झाकून जातं. २०२२ ला आलेल्या इनोव्हा हायक्रॉसला तो सांगाडा नाही, जमीन खाली गेली, व्हीलबेस २८५० झाला, मागे पाय ठेवायला फरक लगेच कळतो. जुने ड्रायव्हर अजून क्रिस्टाचीच बाजू घेतात, खराब रस्त्यावर ती दगड आहे म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे, ते चालवणारे आहेत आणि मी आता मागे बसणारा झालोय.

तीन दाराच्या थारबद्दल विचारणाऱ्या पोरांना: पुढे राजा, मागे शिक्षा. पुढची सीट पाडून मागे चढायला लागतं. आईला एकदा चढवून बघ, मग बुकिंग कर.

डिकी किती लीटरची पाहिजे? हापूसच्या पेट्या किती मावतील?

कंपन्या लीटर मोजतात तेव्हा एक एक लीटरचे छोटे ठोकळे, वीस बाय दहा बाय पाच सेंटीमीटरचे, डिकीत रचतात आणि किती मावले ते सांगतात. ठोकळा प्रत्येक कोपऱ्यात जातो. आंब्याची पेटी जात नाही. लाकडी पेटी दुमडत नाही, दबत नाही, तिच्यावर बॅग ठेवली तर मुंबईत पोचेपर्यंत वरच्या थरातल्या आंब्यांचा रस.

म्हणून डिकीचा आकडा बघून झाला की तिचं तोंड बघा. सेडानची डिकी खोल असते, अमेझ ४१६ लीटर, डिझायर ३८२, पण वरचं तोंड अरुंद आणि आत बिजागरीचे दांडे येतात, पेटी उभी जात नाही, आडवी करायची तर आंबे आडवे. त्याच मापाची नेक्सॉन, ३८२ लीटर, तिचं मागचं दार अख्खं वर उघडतं आणि पेट्या एकावर एक जातात. माझा अनुभव, पेट्या न्यायच्या तर हॅचबॅक किंवा एसयूव्हीची चौकोनी डिकी, कपड्याच्या बॅगा न्यायच्या तर सेडान. उंबरठा किती उंच आहे ते पण बघा, भरलेली पेटी मांडीवरून वर उचलताना कमर लचकते.

सीएनजी घेणार असाल तर डिकी विसरा. एक मोठी टाकी मागे आडवी बसते आणि उरतो तो कोपरा. दोन लहान टाक्या जमिनीखाली घालायची युक्ती टाटाने २०२३ ला अल्ट्रोजमध्ये आणली, २१० लीटर डिकी शिल्लक राहते, नंतर ह्युंदाईने पण केलं. चाकरमान्याच्या चार बॅगांना तरी पुरतं.

गणपतीची मूर्ती गाडीतून आणताना कुठे ठेवायची?

आमच्याकडे गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती बनवतात तिथून, मूर्ती डोक्यावरूनच आणतात, पण शाळा लांब असेल किंवा पाऊस कोसळत असेल तर गाडी काढायला लागते. पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नका, समोर एअरबॅग आहे, शाडूचं वजन आहे, अचानक ब्रेक लागला तर मूर्ती आणि माणूस दोघांचं काही खरं नाही. मागच्या सीटवर पाट ठेवला तर सीट मागे उतरती आणि मऊ, पाट कलतो.

सगळ्यात बरं म्हणजे मागची सीट पाडून सपाट जागा करायची, खाली गोणपाट, त्यावर घोंगडी, त्यावर पाट, बाजूने उशा, आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर एक माणूस हात लावून. म्हणून गाडी घेताना मागची सीट साठ-चाळीस दुमडते की अख्खी एकच पडते ते बघा. घरातले म्हातारे म्हणतील देवाला डिकीत कसं ठेवलं. डिकीत नाही, सीट पाडलीय, देवाला अख्खी खोली दिलीय असं सांगायचं. आमचे बाबा पहिल्या वर्षी रुसले, दुसऱ्या वर्षी स्वतः उशा घेऊन आले.

मागे एसी लागत नाही, काय करायचं?

लांब गाडीत फक्त पुढून येणारी हवा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि आपल्याकडे नुसती गरमी नाही, दमट हवा आहे, घाम सुकत नाही. छतात किंवा खांबात मागच्यांसाठी वेगळ्या जाळ्या असल्या पाहिजेत, आणि त्यांना स्वतःचा पंखा आहे की नुसती नळी मागे नेलीय ते विचारा, फरक पडतो. आधी पाच मिनिटं काचा उघड्या ठेवून गाडी पळवा, कोंडलेली हवा गेली की मग एसी लावा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा.

सीटला कापड बरं की लेदर?

आमच्या हवेत दोन्हीचा जाच. कापडाला पावसाळ्यात बुरशी धरते, जुलैत आठवडाभर गाडी उभी राहिली तर सीटवर पांढरी पावडर उमटते आणि ओल्या गोधडीचा वास. लेदर म्हणून जे देतात ते बहुतेक रेक्झिनच्या जातीचं असतं, पुसलं की साफ, मासळीची पिशवी सांडली तरी चालतं, पण मे महिन्यात पाठ चिकटते. मासे रोज आणणाऱ्याने रेक्झिन घ्यावं. थंड हवेच्या, भोकं असलेल्या सीट आता येतात, पैसे असतील तर सनरूफपेक्षा ते घ्या.

सनरूफ घ्यावं का मग?

उंच माणसाच्या डोक्यावरचं दोन बोटं छत जातं. पोरं खुश होतात. बाकी आमच्याकडे चार महिने पाऊस आणि चार महिने ऊन.

मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या की अख्खी बैठक?

दोन वेगळ्या खुर्च्या म्हणजे ज्याला कॅप्टन सीट म्हणतात. दोघांना राजेशाही, मधून मागे जायला वाट, पण माणूस एक कमी. म्हाताऱ्या आईवडलांना लांब न्यायचं असेल तर घ्या, हात टेकवायला मिळतो, वळणावर माणूस कलंडत नाही. ज्यांच्या घरी दर वेळी निघताना "आणि हा पण येतोय" असं होतं, त्यांनी अख्खी बैठकच घ्यावी. झोपलेलं पोर आडवं करायलाही तीच बरी.

इलेक्ट्रिक गाडीत जागा जास्त असते म्हणतात?

मुळात इलेक्ट्रिक म्हणून बनवलेली असेल तर हो, मधला उंचवटा जातो, जमीन सपाट. पण पेट्रोलच्याच गाडीत बॅटरी बसवून केलेली असेल तर बॅटरी सीटखाली आणि पायाखाली येते, जमीन वर सरकते आणि मागे बसलं की गुडघे वर, मांडी हवेत. तीच हात घालून बघायची परीक्षा इथे पण करा.

तुमच्याकडे स्वतःची कुठली आहे?

सेकंड हँड एर्टिगा. आजी पुढे, आईबाबा आणि धाकटी मध्ये, काका मागे. काका नसेल तेव्हा तिसरी रांग पाडलेली असते आणि तिथे नारळ. गणपतीच्या आधी ती उभी करायला गेलो की फटीतून सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, धागे आणि एखादी सुकलेली सुपारी निघते. गेल्या वर्षी एक कोकमाची पिशवी पण निघाली, कोणाची ते अजून कोणी कबूल केलं नाही.